क्वार्कला वस्तुमान दिलं कुणी? देवकणवाल्या पोस्टला उत्तर

रंकाळ्याचा_वारा

काल इथं एका क्लासवाल्यांची पोस्ट फिरली. सार असं: हिग्ज बोसॉन म्हणजे देवकण, तो नसता तर जगात कशालाच वस्तुमान नसतं. क्वार्क, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण, हिग्जच्या क्षेत्रातून काकवीत पाय रुतल्यागत चालतात, म्हणून जड होतात. चालताना स्वतःभोवती गरगर फिरतात, म्हणून चुंबक होतात. जितका जड क्वार्क तितका मोठा चुंबक. शेवटी 'आवडल्यास शेअर करा'.

आवडली नाही. म्हणून लिहितोय.

काकवीत जोर लावायचं थांबवलं की माणूस जागीच थांबतो. वस्तुमान असं वागत नाही. अडवणारं कुणी नसेल तर जड कणही आहे त्याच वेगानं जात राहतो. वस्तुमान आडवं येतं ते वेग बदलायला. ४ जुलै २०१२ ला सर्न या प्रयोगशाळेनं हिग्ज सापडल्याचं जाहीर केलं तेव्हा तर हे चिकट प्रकरण सगळीकडं पसरलं. तिकडच्या लेखांत मध असतो, आपण गुऱ्हाळवाले, म्हणून काकवी.

ते एक वेळ चालवून घेऊ. आकडे कसे चालवून घ्यायचे? प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क, एक डाउन क्वार्क. हिग्जकडून अपला मिळतात साधारण २.२ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), डाउनला ४.७. बेरीज नऊच्या आसपास. प्रोटॉन भरतो ९३८. बाकीचे नऊशेतीस काय देवानं दिले? ते येतात कोंडलेल्या क्वार्कांच्या धावपळीतून आणि क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनच्या क्षेत्रातल्या ऊर्जेतून, आणि ग्लुऑनचं स्वतःचं वस्तुमान शून्य. २००८ मध्ये महासंगणकावर हे गणित करून प्रोटॉनचं वस्तुमान काढून दाखवलंय. सत्तर किलोच्या माणसात हिग्जचा थेट वाटा पाऊण किलोच्या आसपास.

आणि 'जितका जड तितका मोठा चुंबक' हे तर साफ उलटं आहे. कणाचं चुंबकत्व म्हणजे विद्युतभार भागिले वस्तुमान. हलका तोच मोठा चुंबक. हिग्जनं दिलेलं २.२ घालून बघा, प्रोटॉनचं चुंबकत्व शंभरपटीहून जास्त येतं. १९३३ मध्ये ओटो श्टेर्न या भौतिकशास्त्रज्ञानं ते मोजलं तेव्हा एक एकक (न्यूक्लिअर मॅग्नेटॉन) यायची अपेक्षा होती, आलं अडीचच्या आसपास. आजचा आकडा २.७९३. हा आकडा हवा असेल तर प्रत्येक क्वार्कला ३३६ एमईव्ही द्यावे लागतात, म्हणजे प्रोटॉनच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. प्रोटॉनच्या आत क्वार्क एवढा जड होऊन वागतो तो नाम्बू या भौतिकशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये सांगितलेल्या सममितीभंगामुळं, म्हणजे समीकरणात असलेली सममिती निर्वातातच मोडते त्यामुळं. त्याला २००८ चं नोबेल मिळालं. आपल्या पेपरात त्याच्यावर चार ओळी आल्या असतील तर दाखवा.

शाहूपुरीतला_चिकित्सक

९३८ मधले नऊ, म्हणजे एक टक्का, म्हणून किती हिणवायचं? त्या एक टक्क्यावरच सगळा संसार उभा आहे. प्रोटॉनवर विद्युतभार आहे, त्या ऊर्जेमुळं खरं तर प्रोटॉन न्यूट्रॉनपेक्षा जड असायला हवा. तसा तो नाही, कारण डाउन क्वार्क अपपेक्षा जड आहे, आणि तो फरक हिग्जकडूनच येतो. न्यूट्रॉन १.२९ एमईव्हीनं जड राहिला म्हणून मोकळा न्यूट्रॉन पंधराएक मिनिटांत मोडतो आणि प्रोटॉन टिकतो. उलटं झालं असतं तर हायड्रोजन नाही, पाणी नाही, पंचगंगा नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान तर पूर्ण हिग्जचं. ते शून्य केलं तर अणूला आकारच राहत नाही. शिवाय टॉप, सगळ्यात जड क्वार्क: १७३ जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), अख्ख्या सोन्याच्या अणूच्या जवळपास जातो, आणि ग्लुऑनचं आवरण चढायच्या आत मोडतो. तिथं तुमचे नाम्बू काय करणार?

रंकाळ्याचा_वारा

टॉप तुम्हाला दिला. घरी घेऊन जा. मी अप-डाउनचं बोलत होतो, ज्यांचे आपण बनलोय. आणि पंचगंगेची वाट लावायला प्रोटॉन मोडायची गरज नाही, आपली गटारं पुरेशी आहेत.

पीएचडी_रखडलेली

वस्तुमानापर्यंत ठीक. पण चुंबकत्वाचं जे लिहिलंय ते क्लासवाल्यांच्या पोस्टपेक्षा फार वर नाही, राग मानू नका. ३३६ कुठून आले? २.७९३ वरूनच मागं मोजत आणलेत ना? उत्तर बघून गणित सोडवायचं आणि वर 'बघा कसं जुळलं' म्हणायचं!

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी बॅग मॉडेल मांडलं, म्हणजे क्वार्क एका पिशवीत कोंडलेत असं धरलं. त्यात क्वार्कचं वस्तुमान चक्क शून्य धरलंय. एका फर्मीच्या (साधारण प्रोटॉनएवढ्या) गोळ्यात कोंडलेला बिनवस्तुमानाचा क्वार्कही चुंबकत्व देतो, आणि किती ते गोळ्याच्या त्रिज्येवर ठरतं. मोकळ्या कणाचं सूत्र कोंडलेल्या कणाला लावायचंच कशाला?

रंकाळ्याचा_वारा

तुमची बॅग १.९ देते. मोजमाप २.७९. एवढी तूट किराणावालासुद्धा सोडत नाही. आणि ३३६ मागं मोजून आणले म्हणता, तर तेच घालून न्यूट्रॉन काढा: उणे १.८६. मोजलेला उणे १.९१. तो कुणी मागं मोजला?

पीएचडी_रखडलेली

न्यूट्रॉन-प्रोटॉनचं गुणोत्तर उणे दोन-तृतीयांश येतं ते तीन क्वार्कांचे स्पिन (कणाचा अंगचाच, फिरण्यासारखा गुण) कसे जुळवलेत त्यातून. त्यात वस्तुमान वरून-खालून कटतं! ३३६ च्या जागी ३३६० घाला, गुणोत्तर तेच राहणार. म्हणजे तुमच्या आकड्याचं त्यात श्रेय शून्य. आणि स्पिनच काढलात तर १९८७ मधला सर्नचा म्यूऑनचा (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) प्रयोग आठवा. प्रोटॉनच्या स्पिनमध्ये क्वार्कांच्या स्पिनचा वाटा अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला, आज तीसेक टक्के धरतात. ज्या स्पिनांची बेरीज करून तुम्ही चुंबक उभा केला ते निम्मेसुद्धा जागेवर नाहीत.

तुमचा एक टक्कासुद्धा असाच बोटांवर मोजलेला. २०१८ च्या लॅटिस हिशेबात (अवकाशाची जाळी धरून महासंगणकावर केलेल्या) क्वार्क-वस्तुमानाच्या पदाचा वाटा नऊ टक्के निघालाय, त्यात निर्वातातल्या स्ट्रेंज नावाच्या क्वार्कच्या जोड्यासुद्धा आल्या.

माझ्या गाइडांनी हेच आकडे तीन वेळा परत पाठवलेत, त्यामुळं मला हे स्वप्नातसुद्धा दिसतं.

रंकाळ्याचा_वारा

बरं. नऊ तर नऊ, गुणोत्तराचं श्रेयही तुमच्या स्पिनच्या जुळणीला. पण एक्याण्णव टक्के अजूनही हिग्जचे नाहीत, एवढं तरी त्या पोस्टखाली जाऊन लिहा. तिथं एकही पीएचडीवाला तोंड उघडत नाही, इथं मात्र दशांश चिन्हावरून माझी उलटतपासणी.

क्लासवाला_मीच

ती पोस्ट माझीच. नाव घेतलं नाहीत त्याबद्दल आभार. 'जितका जड तितका मोठा चुंबक' हे काढून टाकलंय, उगाच मोठेपणा नको. बाकीचं राहणार. पोरांना हिग्ज हा शब्द ऐकून चार प्रश्न पडले तरी माझं काम झालं. तुम्ही एकदा सकाळी सहाच्या बॅचला येऊन सममितीभंग शिकवा. डब्यातले पोहे संपायच्या आत अर्धा वर्ग झोपला नाही तर फी परत.

मंगळवार_पेठेतली

तुमच्या सकाळच्या बॅचमुळं आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा राहत नाही, ते आधी बघा.

फौंड्रीवाला

सर, चुंबकाचं निघालं म्हणून इचारतो. आमच्या उद्यमनगरात सरफेस ग्राइंडरवर मॅग्नेटिक चक असतो, जॉब असा धरतो की हलत न्हाई. त्यात ह्ये क्वार्क असतात व्हय?

रंकाळ्याचा_वारा

असतात, पण धरून ठेवत नाहीत. चकमधलं चुंबकत्व सगळं इलेक्ट्रॉनचं. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या १८३६ पट हलका, म्हणून त्याचं चुंबकत्व शेकडो पट मोठं. हाच तो भागाकार. प्रोटॉनचं इवलंसं चुंबकत्व वापरतात ते एमआरआयमध्ये. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) मशीनमध्ये शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डोलतात, आणि क्षेत्राच्या बाजूनं उभे राहणारे दहा लाखांत जेमतेम पाच जादा. त्या पाचांवर सगळा फोटो. अल्वारेझबरोबर फेलिक्स ब्लॉख या भौतिकशास्त्रज्ञानं १९४० मध्ये न्यूट्रॉनचं चुंबकत्व मोजलं, आणि १९४६ मध्ये प्रोटॉनचा हा डोल पकडायची युक्ती काढणाऱ्यांतही तोच होता.

फौंड्रीवाला

एमआरआय म्हणालासा आणि जखमेवर मीठ चोळलंसा. माझी कंबर धरलीया. डॉक्टरनं हातसुद्धा लावला न्हाई, चिठ्ठी लिहिली आणि म्हणला अमक्याच सेंटरात जा. दुसऱ्या ठिकाणी स्वस्त हाय म्हटलं तर म्हणला तिथला रिपोर्ट मी बघत न्हाई.

मंगळवार_पेठेतली

कट हो, कट, डॉक्टरांचं कमिशन. आमच्या सासूबाईंचं हेच झालं. गुडघा दुखतोय म्हणून गेलो, दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय, मग कंबरेचा. शेवटी दिल्या त्या शेकायच्या पिशव्या आणि व्यायाम. तेवढ्यासाठी दहा लाखांतले पाच प्रोटॉन मोजायची काय गरज होती?

डबल_शिफ्ट

मी एमआरआय टेक्निशियन आहे. नेहमी हेच ऐकतो म्हणून बोलतो. मशीन रात्री बंद करून घरी जाता येत नाही, ताई. आतलं चुंबक द्रव हेलियममध्ये बुडवून उणे २६९ अंशांवर ठेवावं लागतं, पेशंट असो नसो. वीज, एसी, हेलियम, सर्व्हिसचा करार, कशालाच सुट्टी नाही. सगळे चोर नसतात.

मंगळवार_पेठेतली

तुम्हाला कोण चोर म्हणालं? चिठ्ठी लिहिणाऱ्याबद्दल बोलतेय. चिठ्ठीला तर हेलियम लागत नाही ना?

शाहूपुरीतला_चिकित्सक

माझ्या भावाचा ट्यूमर एमआरआयमुळंच वेळेत सापडला. सीटीत काही दिसलं नव्हतं. कट-कट करणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

मंगळवार_पेठेतली

भाऊ बरे आहेत ना? मग झालं. त्यांना गरज होती, सासूबाईंना नव्हती. दोन्ही खरं असू शकतं, एवढं हिग्जवाल्यांना कळायला हरकत नाही.

रंकाळ्याचा_वारा

धागा क्वार्कचा आहे, गुडघ्याचा नाही.

पीएचडी_रखडलेली

एमआरआय तुम्हीच आणलात. आणि बॅगच्या १.९ वर माझं राहिलं: तो पहिल्या पायरीचा आकडा. भोवती पायॉन नावाच्या हलक्या कणांचा ढग धरला की तूट बरीच भरून निघते.

रंकाळ्याचा_वारा

ढग घातला की माझेसुद्धा सगळे आकडे जुळतील.

डबल_शिफ्ट

फौंड्रीवाले, तुमच्यासाठी एक कामाचं. फॉर्मवर विचारतात तेव्हा घाईत 'नाही' लिहू नका. ग्राइंडिंग करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? आत राहिलेला कण त्या क्षेत्रात सरकला तर डोळा जाऊ शकतो.

फौंड्रीवाला

गेलेला की. डॉक्टरनं काढला म्हणला, पर समदा निघाला का कुणास ठाऊक.

डबल_शिफ्ट

मग आधी डोळ्यांचा एक्सरे काढून घ्या. त्याशिवाय मशीनच्या खोलीत पाऊल टाकू नका.

फौंड्रीवाला

बरं. आता त्यो एक्सरेपण त्याच सेंटरातनं काढायचा का, त्येवढं सांगा.