संवाद टिकतो की सिनेमा?

मधली रांग: काल एकाने लिहिलं, "ज्या सिनेमातलं एकही वाक्य लोकांच्या तोंडी नाही, तो सिनेमा मेला." वाचून डोकं फिरलं. 'शोले'तली गब्बरची एन्ट्री पुन्हा बघा. खडकावर वाजणारे बूट, मागे फरफटणारा पट्टा, समोर गपगार उभी असलेली तीन माणसं. काटा तिथेच येतो, 'कितने आदमी थे' त्यानंतर. तेच वाक्य कुणी खुर्चीत बसून म्हटलं असतं तर १९७५ सालीच विसरलो असतो. आणि १९८७ च्या 'पुष्पक'मध्ये तर संवादच नाहीत. मेला का तो?

शाईचा डाग: दरवेळी तोच एक 'पुष्पक' काढायचा! 'शोले'च्या संवादांची वेगळी तबकडी निघाली होती, लोकांनी पडद्याशिवाय ऐकली. आमच्या घरी कॅसेट होती. सिनेमा मी खूप नंतर पाहिला, गब्बर त्याआधीच तोंडपाठ होता. कुठे दिसत होता मला तुमचा पट्टा?

मधली रांग: कॅसेटवर नुसते शब्द होते का? अमजद खानचा आवाज होता, त्याचं मध्येच थांबणं होतं, ते हसणं होतं. कागदावरून पाठ केलं नव्हतंत तुम्ही.

शाईचा डाग: कागदाला कुणी विचारतच नाही, हेच तर दुखणं आहे. 'जंजीर'च्या पोस्टरवर नाव यावं म्हणून सलीम-जावेद या लेखकजोडीला स्वतः रंगारी लावावा लागला. 'अशी ही बनवाबनवी' सगळ्यांना पाठ, पण तो लिहिणारे वसंत सबनीस किती जणांना आठवतात? मी मालिकांसाठी लिहितो. माझं एक वाक्य गाजलं, तर नटाने मुलाखतीत सांगितलं, "ते मला सेटवर सुचलं." आजही आठवलं की जीव जळतो.

तिसरी घंटा: तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. त्याचा राग सगळ्या नटांवर का? 'हा माझा बायको पार्वती' नुसतं वाचून दाखवा, कोण हसतं बघू. अशोक सराफांची ती गडबड हवीच.

शाईचा डाग: गडबडायला आधी वाक्य लागतं! नटाचं कौतुक करताना लेखकाला पुसू नका.

तिसरी घंटा: पुसलं कुठे? माझ्या तोंडी नको ते घालू नका.

पहिला खेळ: भांडण थांबवा आणि ऐका. माझ्या भाच्याला 'बनवाबनवी'ची वाक्यं मीम्समुळे येत होती, सिनेमा पाहिलेला नव्हता. म्हणजे टिकलं ते वाक्य, सिनेमा नव्हे. शेवटी मीच त्याला बसवलं. 'सत्तर रुपये वारले' कधी येतंय याची तो वाट बघत होता, पण खरा हसला सुधीर जोशींचा चेहरा बघून.

शाईचा डाग: बरं, चेहऱ्याचे मार्क देऊन टाका. पण पोरगं पडद्यासमोर बसलं ते वाक्यापायीच, एवढं तरी माना.

मधली रांग: एवढंच मानतो. 'सिनेमा मेला' म्हणणाऱ्याने आधी ते मागे घ्यावं, पुढचं मग बोलू.