शेवंतीला कळ्या धरत नाहीत, मदत हवी आहे

दादर, दुसरा मजला, पूर्वेची बाल्कनी. 10 इंची कुंडीत पिवळ्या शेवंतीची सहा रोपं. 2 भाग लाल माती, 1 भाग शेणखत, 1 भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. शेंडे दोनदा खुडले, शेवटचे ऑगस्टच्या मध्यात. सप्टेंबरपासून नत्र बंद, दर 10 दिवसांनी 0:52:34 (स्फुरद-पालाशचं पाण्यात विरघळणारं खत), लिटरला 2 ग्रॅम. फुटवे भरपूर, पण ऑक्टोबर संपला तरी कळी नाही.

संशय समोरच्या रस्त्यावरच्या एलईडी दिव्यावर आहे. शेवंतीला लांब, सलग अंधार लागतो. मध्येच उजेड पडला की ती रात्र तिच्या हिशेबात धरली जात नाही. ऑक्टोबर हीटनेही कळी उशिरा येते, त्यामुळे नेमकं कारण कसं ओळखावं?

संध्याकाळी 6 ते सकाळी 7 काळं कापड घालायचा विचार आहे. पण खालच्या पानांवर काळे डाग चढताहेत (पाणी फक्त मातीतच घालते), आणि कापडाखाली उकाडा, दमटपणा वाढला तर बुरशी वर सरकेल. कापड रोपावर टाकण्याऐवजी दिव्याच्या बाजूला पडद्यासारखं बांधलं तर पुरेल का? आणि किती आठवडे ठेवावं, कळी दिसेपर्यंत की रंग दिसेपर्यंत?