पहिल्या भेटीचं चित्र: हॉजेस की तुपाया?

सागरगोटा
पॅसिफिक बेटांवर युरोपी जहाजं पोचली, त्या भेटींची चित्रं म्हटलं की विल्यम हॉजेसचं नाव निघतं. इंग्रज कप्तान जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीवरचा (१७७२–७५) हा अधिकृत चित्रकार. टोंगाच्या 'एउआ बेटावर कुक उतरतो, त्या त्याच्या चित्रावरून शर्विनने कोरलेला छाप कुकच्या सफरवृत्तांतात आला. त्यातल्या बेटवाल्यांचे चेहरे ग्रीक पुतळ्यांचे, अंगावर पायघोळ वस्त्रं! सफरीवरच्याच जॉर्ज फॉर्स्टरने तेव्हाच हरकत घेतली होती. माझं स्पष्ट मत आहे, संग्रहालयांनी ही चित्रं मागे सारावीत आणि तुपायाचं चित्र पुढे आणावं.

रायातेआ बेटाचा हा पुरोहित आणि दर्यावर्दी १७६९ मध्ये ताहितीहून कुकच्या 'एन्डेव्हर'वर चढला. त्याने काढलेल्या जलरंगात एक माओरी (न्यूझीलंडचा मूळ रहिवासी) आणि एक इंग्रज समोरासमोर उभे आहेत. माओरीच्या हातात दोरीला बांधलेली भलीमोठी शेवंड, इंग्रज बदल्यात काहीतरी पुढे करतोय. कुणी कुणापुढे वाकलेलं नाही. हे चित्र तुपायाचं, हे कळायला १९९७ उजाडलं, तेही त्याच जहाजावरचा निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स याच्या १८१२ च्या एका पत्रामुळे. तोवर चित्रकार निनावी!

तैलरंग
छाप कोरणाऱ्याचं पाप हॉजेसच्या माथी कशाला? फॉर्स्टरचा राग त्या कोरीव छापावर होता. हॉजेसचं एरोमांगो बेटाचं (आजच्या वानुआतूतलं) तैलचित्र बघा. ऑगस्ट १७७४, बेटवाले होडी अडवतायत आणि कुकची माणसं गोळ्या झाडतायत. स्वतःच्या कप्तानाची अशी अडचणीची घटना त्याने रंगवली, लपवली नाही. असा पुरावा मागे सारायचा?

आणि 'एउआ ही पहिली भेट नव्हेच. डच दर्यावर्दी टास्मान १६४३ मध्येच टोंगात येऊन गेला होता. कुक या बेटाला मिडलबर्ग म्हणतो, ते नावही टास्माननेच दिलेलं.

सागरगोटा
टास्मानचं नाव काढलंत, तर त्याच सफरीवरचं गिल्सेमान्सचं रेखाटनही घ्या. डिसेंबर १६४२, न्यूझीलंडचा किनारा, चार डच खलाशी मारले गेले. डचांनी खाडीचं नाव ठेवलं 'खुन्यांची खाडी' आणि चित्र त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. किनाऱ्यावरून त्या लोकांना ती अनोळखी जहाजं कशी दिसली असतील, याची एक रेघ तरी आहे का त्यात? एरोमांगोच्या चित्रातही आपण कुकच्याच बाजूने बघतो.

मुशाफिर
दोघांशीही असहमत. तुपाया माओरींच्या बाजूचा कसा? तो आला इंग्रजांच्या जहाजातून, त्यांचा दुभाषा म्हणून. माओरींना त्याची भाषा समजली म्हणून बोलणी तरी झाली. पण ऑक्टोबर १७६९ मध्ये, न्यूझीलंडमधल्या आजच्या गिस्बोर्न शहराजवळ, पहिल्याच दिवशी इंग्रजांच्या गोळीने 'ते मारो' नावाचा माओरी ठार झाला. शेवंडीच्या चित्रातला शांत सौदा हीच पहिली भेट म्हणून टांगली, तर ते मारो भिंतीवरून गायबच होतो. निदान हॉजेसच्या चित्रात बंदूक दिसते तरी.

सागरगोटा
ते मारोचा मुद्दा मान्य, त्याचं नाव पाटीवर यायलाच हवं. पण तुपायाला नुसता दुभाषा म्हणू नका. माओरी त्याच्याकडे मोठा माणूस म्हणून बघत होते, त्याच्याशी देवाधर्माच्या गोष्टी करत होते. समोरच्या दोन्ही माणसांना ओळखून काढलेलं दुसरं चित्र त्या सफरीतून दाखवा, मग बोलू.

तैलरंग
मग तिन्ही एकाच दालनात लावा, हॉजेसचंही. काढून टाकण्याला माझा विरोध कायम आहे.