प्रतिसाद: सुखोईची तोफ स्वस्तातली म्हणून कमी पडते का?

दादा, तुम्ही वर लिहिलंय की सुखोईवरची सिंगल बॅरल तोफ म्हणजे पैसे वाचवायचा प्रकार, अमेरिकन सहा नळ्यांची व्हल्कन घ्यायला पाहिजे होती, पण जरा हिशोब करून बघा की. व्हल्कन मिनिटाला ६००० गोळ्या मारते खरं, पण गोळा २० मिमीचा, जेमतेम १०० ग्रॅमचा. आपली सुखोईवरची जीएसएच-३०-१ तोफ मिनिटाला १५०० च्या आसपास, पण गोळा ३० मिमीचा, ३९० ग्रॅमच्या घरात, म्हणजे सेकंदाला दोन्हीकडनं साधारण दहा-दहा किलोच माल जातो, आणि वजन बघा, ही ५० किलोच्या आत, ती ११० च्या वर! त्यात व्हल्कनच्या फिरत्या नळ्या फुल स्पीडला यायला क्षणभर जातो, हिची पहिल्या गोळ्यापासनं पूर्ण स्पीड.

तोटा आहेच, बॅरल साधारण २००० गोळ्यांतच संपतो. पण बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणालाबी विचारा, टूल स्वस्त आणि पटकन बदलता येत असलं तर लाईफ कमी चालतंय. शिवाय सुखोईत गोळ्याच १५०, सहा सेकंदात खेळ खलास, बॅरल टिकून करणार काय?

आणि ते तोफच काढून टाका म्हणणाऱ्यांना, ब्रिटिशांनी त्यांच्या टायफून लढाऊ विमानावर तसं ठरवलंतं, पैसे वाचवायला. तोफ काढली की बॅलन्ससाठी तेवढंच वजन परत घालायला लागतंय, मग तोफ तशीच ठेवली, आणि २००६ ला गोळ्यांसकट परत चालू केली.