दहा हजार पावलं आणि म्हणे आळशी मराठवाडा

गंजगोलाई: काल एका महाशयांनी इथं ठणकावलं, "मराठवाड्यातले लोक आळशी, पारावरून उठत नाहीत. फोनात पावलं मोजा, 10,000 झाल्याशिवाय जेवू नका." माझी आई दिवसभर खुरपायला जाते, फोन घरी चार्जिंगला. म्हणजे तिनं उपाशी झोपायचं! आणि हा आकडा डॉक्टरांचा नाहीच. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं यंत्र विकायला काढलं. नाव 'मानपो-केई', दहा हजार पावलांचं मीटर. दुकानाच्या पाटीची आपण पोथी केली.

सिडकोवाला: महाशय मीच. आईचं सांगितलंत, तुमचं सांगा की. मी दिवसभर खुर्चीत, शुगर वाढलेली. ऑफिसात आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. रात्री आकडे टाकायचे, शेवटच्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. त्या चहापायी रात्री साडेदहाला गच्चीवर फेऱ्या मारल्यात. नुसतं डॉक्टरचं ऐकून उठलो असतो का?

दुधनाकाठ: गच्चीच बरी. मी पहाटे पाचला रस्त्यानं चालायलो, 6,200 झाले का बघायलो, तेवढ्यात कुत्र्यानं पोटरी धरली. पळालो ती पावलं मात्र फोननं बरोब्बर मोजली.

माईचा_वाडा: पळायचं नसतं, जागेवर थांबायचं. अन् फोनात डोकं घालून चाललं की असंच होणार.

दुधनाकाठ: कुत्र्यांना रोट्या टाकणाऱ्या तुम्हीच का?

माईचा_वाडा: हो, रोज टाकते. नसबंदी करा म्हणून अर्जही मीच दिलाय. तुम्ही काय केलंत?

दुधनाकाठ: इंजेक्शनं घेतली! तुमची रोटी, आमची पोटरी. लई पुण्य लागायलंय तुम्हाला.

सिडकोवाला: अहो, विषय पावलांचा आहे!

गंजगोलाई: मग हाच विषय की. कुत्री, फुटपाथ नाही, मे महिन्यात 42 अंश. दुपारी दोनला घड्याळ थरथरतं, "उठा, चाला." कुठं? उन्हात?

नर्सबाई: दोघंही थोडं ऐका. अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा 2019 चा अभ्यास आहे. रोज 2,700 चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी आढळले. 7,500 च्या पुढं फारसा फरक दिसला नाही.

गंजगोलाई: म्हणजे फोन थोडा खरा. थोडाच.

सिडकोवाला: बरं, 7,500 तर 7,500. जेवणाचं मागं घेतो, ताईंच्या अभ्यासाला मान देऊन. चहाची अट मात्र 10,000 चीच राहील. या महिन्यात मी अजून एकदाही पाजलेला नाही.