प्रति: व्हर्च्युअल सीडी काढल्यावर खरा ड्राइव्ह गायब

व्हर्च्युअल सीडीचं (म्हणजे खऱ्या डिस्कशिवाय फाइललाच सीडी म्हणून दाखवणारं) सॉफ्टवेअर काढल्यावर खरा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह दिसेनासा झाला, म्हणजे ड्राइव्हच गेला, नवीन घ्या, हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. कृपया घाईने खर्च करू नका. बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या काकांच्या विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर नेमकं हेच झालं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) पिवळं चिन्ह, कोड ३९, म्हणजे उपकरणाचा ड्रायव्हर लोड होत नाही. दुकानदाराने ड्राइव्ह बदलायला सांगितलं, पण बूटेबल सीडी घातली तर मशीन त्याच ड्राइव्हवरून सुरळीत सुरू होत होतं! म्हणजे दोष विंडोजच्या नोंदींत.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) कंट्रोल, मग क्लासखाली ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी की (फोल्डरसारखा कप्पा) असते, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हची. तिच्यात उजवीकडे अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी दिसल्या; विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये बसणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं तिथे असतात. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवली (हे चुकवू नकाच), मग दोन्ही नोंदी काढून मशीन रीस्टार्ट केलं. ड्राइव्ह परत आला. फक्त सीडी राइट करायचं सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करावं लागलं, कारण त्याचीही नोंद तिथेच होती. विंडोज ८ पासून आयएसओ फाइल (पूर्ण सीडी-डीव्हीडीची एका फाइलमधली नक्कल) थेट माउंट होते, म्हणजे डिस्क घातल्यासारखी उघडते, त्यामुळे तिथे साध्या आयएसओसाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकूच नका.