पूर ओसरल्यावर गावात कोण थांबलं? तुमचे अनुभव लिहा

वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, पर्लकोटा... आपल्या विदर्भातल्या नदीकाठच्या माणसाला पूर सांगावा लागत नाही. पहिल्या आठवड्यात खिचडीची गंजं येतात, बिस्किटांचे पुडे येतात, पुढारी येतात. मग गाड्या बंद होतात आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. घरातला गाळ, बुजलेली विहीर, खरडून गेलेलं वावर. त्या दिवसांत मी ज्यांना राबताना पाहिलं ते बहुतेक देवाधर्माच्या ओढीनं आलेले होते. कुणी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे, कुणी विहारातली पोरं, कुणी मशिदीतली, कुणी चर्चच्या सिस्टर. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा गाडगेबाबांचा रिवाज आपल्याकडं अजून जिवंत आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. माणसांची नावं नकोत, काम लिहा. काय उपयोगी पडलं नि काय नाही, दोन्ही लिहा.

नरखेड तालुक्यातून

३० जुलै १९९१. मोवाडला वर्धा नदी गावात शिरली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. मी शाळेत होतो. आमच्या गावच्या भजनी मंडळाबरोबर बाबा तिकडं गेले. टाळ-खंजेरी घरीच ठेवली, फावडी नि दोर घेतले. जेवण वाटायला माणसं पुष्कळ होती, पण चिखलातून प्रेतं काढायला हात कमी पडत होते. ते काम मंडळानं उचललं. लाकडं ओली, म्हणून आजूबाजूच्या गावांतून गोठ्यातली कोरडी लाकडं बंडीनं आणली. ज्यांचं कुणीच उरलं नव्हतं त्यांना अग्नी देताना मंडळानं प्रार्थना म्हटली. बाबा त्यावर पुढं कधी फार बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "कोणाचं कोण होतं ते इचारलंच नाही आम्ही."

ब्रह्मपुरी तालुक्यातून

२०२० च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस. वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडलेले, आणि वैनगंगा थेट आमच्या गावात. निसवायला आलेला धान गाळाखाली गेला. त्यात कोरोना. देवळं बंद, प्रार्थना बंद, पाहुणासुद्धा घरात घ्यायची भीती. तरी शेजारच्या तालुक्यातून सेवा मंडळाची माणसं तोंडाला दुपट्टे बांधून आली.

त्यांनी आधी विहीर धरली, ते मला फार पटलं. घरं पडली होती, पण पाणी नसेल तर माणूस घर बांधायला तरी कसा थांबेल? इंजिन लावून पाणी उपसलं. तळाला कमरेइतका गाळ, त्यात छपराच्या कवेलूचे तुकडे, मेलेली कोंबडी, कुणाचा तरी दुधाचा गंज. दोघं खाली उतरायचे, वरचे घमेली ओढायचे. उतरण्याआधी दरवेळी जळता कंदील दोरीनं खाली सोडून बघत, विझला तर कुणी उतरायचं नाही. मग आतले काठ घासून धुतले, नवीन झऱ्याचं पाणी भरू दिलं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर थेट टाकली नाही. बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडलं. आमच्या पोरांना शेजारी उभं करून हे सगळं शिकवलं. आता दर पावसाळ्यात आमची पोरंच करतात.

जाताना सरपंच त्यांना शाल द्यायला लागले तर त्यातले एक म्हातारे म्हणाले, "राहू द्या जी, त्या पैशाचा दोर घ्या विहिरीले."

एक शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

आमच्याकडं दोन सिस्टर आल्या होत्या. त्यांनी फक्त कागद वाळवले. सातबारा, पासबुकं, पोरांच्या टीसी, रेशनकार्डं. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, वर्तमानपत्रात दाबून पाणी टिपायचं, सावलीत दोरीवर टाकायचं, उन्हात अजिबात नाही. पंचनाम्याच्या वेळी हेच कागद उपयोगी आले. एवढंच, पण लिहावंसं वाटलं.

महागाव तालुका, यवतमाळ

२२ जुलै २०२३ च्या पुरात आमच्या भागातल्या आनंदनगर तांड्यात माणसं अडकली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमचा तांडा त्याच्या अलीकडचा. माणसं वाचली, पण नाल्याकाठची जमीन दगडापर्यंत धुऊन गेली. पेरलेली पऱ्हाटी म्हणजे कपाशी तर गेलीच, मातीही गेली. आता माती कुठून आणायची?

आम्हा बंजाऱ्यांच्या देवस्थानाला, पोहरादेवीला पायी जाणारी आमची मंडळी नि पुसदकडची मशिदीतली पोरं यांची ओळख पुरातच झाली. पोरांनी पिण्याच्या पाण्याचे कॅन आणले होते. तांड्याच्या प्रमुखांनी, नायकांनी त्यांना जेवू घातलं आणि जमीन दाखवली. ती पोरं उन्हाळ्यात परत आली! कुणाच्या चुलत्याचा ट्रॅक्टर, डिझेल वर्गणीचं. तलावातला गाळ काढून वावरात पसरला, आमच्या बायांनी दगड वेचून धुऱ्यावर रचले. रोजे चालू होते तेव्हा पोरं पहाटे येत आणि ऊन चढायच्या आत परत जात. संध्याकाळी इफ्तारीला याडीनं, म्हणजे आईनं, बाजरीच्या भाकरी पाठवल्या. सगळी जमीन काही भरली नाही, पण विधवा बायांची आधी भरली, हे नायकांनी ठरवलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

हिंगणघाटजवळून

सगळंच गोड नसतं, तेही लिहिते. आमच्याकडं एका गटानं आधी जयघोष करा, मग किट घ्या असं केलं. माझी सासू उपाशी होती तरी उठून आली. म्हणाली, "देवाचं नाव घेईन मी, पण तांदळासाठी नाही घेणार." मला तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटतं. आणि कृपा करून जुने कपडे पाठवू नका. समाजमंदिर भरलं होतं त्यानं, लोकांना झोपायला जागा नव्हती. फवारणीचा पंप द्या, विळे द्या, पोरींसाठी पॅड द्या, छपरासाठी टिनाचे पत्रे द्या. आमच्या गावात विहारातल्या मुलांनी घरोघर विचारून यादी केली, तेवढीच मदत योग्य माणसाला पोचली.

नरखेडवाले पुन्हा

ब्रह्मपुरीच्या विहिरीचं वाचून आमच्या मंडळाच्या बैठकीत विषय काढला. आमच्याकडं डिझेल इंजिन आहे, पाइप आहे, उतरणारे दोन अनुभवी गडी आहेत. यंदा वर्धेच्या काठी कुठंही विहीर बुजली तर इथं लिहा. कापणीच्या आधी असेल तर आम्ही लगेच निघू, संत्र्याच्या तोडीत असेल तर चार दिवस मागंपुढं होईल. जेवणाची सोय करू नका, शिधा आमचा आम्ही आणू.